मागचं चाक हलतंय!

हा लेख खरं तर तारकर्लीवर असायला हवा होता. एडिटरशी तसं ठरलं होतं : पांढरी वाळू, हिरवं पाणी, होमस्टे, सुरमई, दोन दिवस ऑफिस विसरा वगैरे. तुम्ही असे लेख शुक्रवारी दुपारी डेस्कवर वाचता आणि शनिवारी झोपा काढता, हे मला माहितीये. मीही तेच करते. पण या वेळी माझ्याकडे तारकर्लीबद्दल सांगण्यासारखं एका परिच्छेदात मावेल एवढंच आहे. बाकी जे आहे ते ६२ मिलिमीटर व्यासाच्या एका लोखंडी चकतीबद्दल आहे. आणि माझ्याबद्दल. चकतीपेक्षा ते सांगणं जास्त अवघड जातंय.

आम्ही तिघं. कॅप्टन म्हणजे माझा कॉलेजमधला मित्र. हिंजवडीत सॉफ्टवेअरवाला आणि वीकएंडला दर्यावर्दी. त्याची बायको सीए आहे, म्हणून ती आमची ऑडिटर. आणि मी. कॅप्टननं एका क्लबनं काढून टाकलेली 'एंटरप्राइज' जातीची जुनी शिडाची बोट विकत घेतलीय. जेमतेम १३ फुटी, दोन माणसांची, निळ्या शिडांची. तिला वाहून न्यायला एका फॅब्रिकेटरकडून लोखंडी अँगलचा ट्रेलर बनवून घेतलाय. दोन चाकं, गाडीला मागून जोडायचा दांडा, स्वतःची वेगळी नंबर प्लेट. आतापर्यंत ही वरात फक्त पुण्याजवळच्या धरणांवर जायची. फेब्रुवारीत ठरलं की बोटीला एकदा खरं खारं पाणी दाखवायचं.

कॅप्टनचं सगळं काम एक्सेल शीटमध्ये चालतं. टायरची हवा, मागचे दिवे, दोर, लाइफ जॅकेट, प्रत्येकाला एक रांग आणि समोर नाव. सतराव्या रांगेत लिहिलं होतं 'ट्रेलर : हब ग्रीसिंग', आणि समोर माझं नाव. कारण काय, तर फ्रीलान्सर बाईला दिवसभर वेळच वेळ असतो, असा सगळ्या नोकरदारांचा एक पक्का समज आहे!

गुरुवारी मी ट्रेलर घेऊन वारज्याच्या गॅरेजला गेलेही. समोर चार गाड्यांची रांग होती. गॅरेजवाला म्हणाला, "संध्याकाळी सोडा, उद्या दुपारी न्या." शुक्रवारी माझी डेडलाइन होती. मी उभ्या उभ्या विचार केला की चाकं तर मस्त फिरतायत, गेल्या वर्षीच नवीन केलेला ट्रेलर आहे, बोटीचं वजन शंभर किलोच्या आत. आणि रिक्षात, सॉरी, गाडीत बसल्या बसल्या शीट उघडून सतराव्या रांगेत टिक टाकली.

तेवढंच. एक टिक.

शुक्रवारी रात्री निघालो. पहाटे कोल्हापूर, मग राधानगरीचा रस्ता, शाहू महाराजांनी बांधायला घेतलेल्या त्या धरणाजवळ चहा, दाजीपूरचं जंगल आणि फोंडा घाट उतरून कोकण. घाट उतरताना हवा बदलते तो क्षण मला फार आवडतो. खिडकीतून आधी गार, कोरडी हवा येत असते आणि दोन-तीन वळणांनंतर अचानक कोणीतरी ओला टॉवेल तोंडावर टाकल्यासारखी. मग कणकवली, कसाल, मालवण आणि थेट देवबाग. कर्ली नदी तिथं समुद्राला मिळते. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मध्ये देवबागची चिंचोळी पट्टी. अशा जागी बोट घेऊन गेल्यावर कुणी खोलीत बॅगा ठेवायला जात नाही. आम्हीही गेलो नाही. ट्रेलर मागे मागे घेत सरळ खाडीच्या उतारावरून पाण्यात घातला, बोट तरंगली, आम्ही टाळ्या वाजवल्या.

आता यात चूक काय झाली ते तेव्हा कळलं नाही, म्हणून आत्ताच सांगते. चारशे किलोमीटर धावून चाकाचा हब गरम झालेला असतो. आतली हवा तापून फुगलेली असते. तो तसाच गार पाण्यात बुडवला की आतली हवा आकसते आणि हब स्ट्रॉसारखं पाणी आत ओढतो. मागच्या बाजूला रबरी ऑइल सील असतं, ते नवं असेल तर बरंच अडवतं. जुनं, कडक झालेलं असेल तर नाही अडवत. आणि आतलं ग्रीस जुनं असेल तर मग विषयच संपला. गोड्या पाण्यात हे वर्षभर चाललेलं होतंच. खाऱ्या पाण्यानं शेवटचा हात फिरवला. ट्रेलर बाहेर काढून दोन दिवस माडाखाली तसाच उभा केला. पाणी आत, मीठ आत, आणि आम्ही सोलकढी पीत बाहेर.

(कबूल केलेला तारकर्लीचा परिच्छेद : वाळू खरंच पांढरी आहे. मालवणहून सहा-सात किलोमीटरवर आहे. सकाळी वारा जमिनीकडून, दुपारनंतर समुद्राकडून, त्यामुळे शिडाची बोट असेल तर दुपारी निघा. संगमाजवळ ओहोटीला पाणी जोरात बाहेर ओढतं, स्थानिक माणसाला विचारल्याशिवाय तिकडे जाऊ नका. वॉटर स्पोर्ट्सच्या गर्दीपासून लांब, खाडीच्या आतल्या बाजूला, किनाऱ्यावरच्या माडांची सावली पाण्यात पडते तिथून निळं शीड जाताना पाहिलं आणि मला ईएमआय, एडिटर, सगळं विसरायला झालं. झाला परिच्छेद.)

रविवारी दुपारी दोनला परत निघालो. कसाल सोडल्यावर मागून एक बारीक 'घूंऽऽ' येत होतं. हायवेच्या काँक्रीटचा आवाज असेल म्हणून कॅप्टननं गाणी मोठी केली. कणकवली सोडून फोंड्याच्या रस्त्याला लागलो तर काँक्रीट संपलं, आवाज नाही संपला. मला ऐकू येत होता. मी काही बोलले नाही. का, ते तुम्हाला कळलंच असेल.

फोंडा गाव मागे पडलं, चढ सुरू झाला. तिसऱ्या की चौथ्या वळणावर एक बाइकवाला हॉर्न वाजवत बाजूला आला. मागे बायको, पुढे टाकीवर पोरगं. तो हात हलवून ओरडला, "ओ, तुमचा मागचा चाक हलताहा!"

थांबलो. उतरलो. डाव्या चाकाच्या मधोमध असलेल्या टोपीतून धूर येत होता. जळक्या ग्रीसचा वास एकदा नाकात बसला की जात नाही. चाक वरून धरून हलवलं तर ते बरणीच्या सैल झाकणासारखं डुगडुगलं. ऑडिटरनं बाटलीतलं थोडं पाणी शिंपडलं, तव्यावर पडावं तसं चर्रकन उडालं.

त्या बाइकवाल्याचं पोरगं टाकीवरून आमच्याकडे बघत होतं. चारेक वर्षांचं असेल. मागची दोन-तीन वळणं ही बाइक आमच्या अगदी मागे होती. ते चाक सुटलं असतं तर उतारावरून कोणाकडे गेलं असतं, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

कॅप्टनचं म्हणणं, वीसच्या स्पीडनं राधानगरीपर्यंत रखडत जाऊ. ऑडिटर म्हणाली, एक इंचसुद्धा नाही. मी पहिल्यांदाच तोंड उघडलं आणि म्हटलं, नाही. मोबाइलला एक काडी येत होती, जात होती. बाइकवाला म्हणाला, खाली फोंड्यात ओळखीचा मिस्त्री आहे, त्याला पाठवतो. आणि गेला. बायको-पोराला घेऊन उलटा खाली गेला. नाव विचारायचंही राहिलं.

आम्ही ट्रेलर सुटा केला, दुसऱ्या चाकाखाली दगड लावले आणि दोन्ही बाजूंना पन्नास-साठ पावलांवर झाडाच्या फांद्या टाकल्या. घाटात हीच भाषा सगळ्यांना कळते. साडेपाचला मिस्त्री आला. पन्नाशीचा, बारीक, पायात स्लिपर, स्कूटरच्या पुढ्यात हत्यारांची गोणी. आमचा गाडीचा जॅक ट्रेलरच्या अँगलखाली बसेना, तेव्हा त्यानं न बोलता गोणीतून एक लाकडी ठोकळा काढला. मला वाटतं, हा माणूस कितीही वेळा बघितला असता तरी मी बोअर झाले नसते.

(मालवणी मला नीट लिहिता येत नाही. मिस्त्रींची माफी मागून जमेल तसं लिहितेय.)

"खयसून इलास?"

"देवबागहून. पुण्याला चाललोय."

"होडी पाण्यात सोडतास तेव्हा चाका पण पाण्यात?"

"हो."

"हां," एवढंच म्हणाले.

टोपी ठोकून काढली. आत नट, नटात अडकवलेली स्प्लिट पिन. पिन सरळ करून ओढली, नट फिरवला, हब ओढला. हब आला, पण आतलं मोठं बेअरिंग अर्धंच आलं. मला बेअरिंग म्हणजे लहानपणी गाडा करायला वापरायचो ती गोळ्यांची चकती एवढंच माहीत होतं. हे वेगळं. याला कप-कोन म्हणतात. कप म्हणजे हबच्या आत ठोकून बसवलेली कडी, कोन दांड्यावर बसतो आणि दोघांच्या मध्ये जाळीत अडकवलेले, एका टोकाला किंचित निमुळते छोटे रूळ. आमच्या कोनावर जाळी उरलेलीच नव्हती. रूळांचे तुकडे, काळं-निळं पडलेलं लोखंड आणि तांबूस चिखल. ग्रीस नावाची गोष्ट नाही.

मिस्त्रींनी तो चिखल बोटावर घेतला, वास घेतला, कॅप्टनला दाखवला. "ह्या वजनान मेला नाय. ह्या पाण्यान मेला. गिरीस कधी भरलास?"

"परवाच," कॅप्टन ठामपणे म्हणाला. "गुरुवारी करून घेतलंय."

"कोणाकडे?"

"पुण्यात, गॅरेजला."

मिस्त्री हसले नाहीत. उजव्या चाकाची टोपी उडवली. आत दुधाच्या चहाच्या रंगाचा लगदा. पाणी मिसळलं की ग्रीस असं होतं. "ह्या वर्षभर कोणी उघडूक नाय. पैशे घेतल्यान त्या माणसान?"

कॅप्टनचा चेहरा बघण्यासारखा झाला. सोमवारी त्या गॅरेजवाल्याला बघतो, असा रिव्ह्यू टाकतो की धंदा बंद होईल, लोकांच्या जिवाशी खेळतात हे लोक... तो तिथंच फोन काढून टाइप करायला लागला होता. नशीब, घाटात नेटवर्क नव्हतं. मी काय केलं? मी फांद्या नीट लावायला गेले.

कोनाच्या कडेवर कोरलेला नंबर मिस्त्रींनी चिंधीनं पुसून वाचला, ३०२०६. बाहेरचं छोटं ३०२०४. "शेवटचे दोन आकडे पाचान गुणायचे. सहा पंचे तीस. तीस मिलिमीटर दांडो." शाळेत हे कुणी शिकवलं असतं तर मी मास कम्युनिकेशनला गेले नसते. कॅप्टनच्या फॅब्रिकेटरचं एक मात्र मानलं पाहिजे. त्यानं दांडा अशा मापाचा काढला होता की बेअरिंग कुठल्याही तालुक्याच्या गावी मिळावं. पण रविवारची संध्याकाळ. मिस्त्रींनी स्कूटरवरून खाली रेंजमध्ये जाऊन कणकवलीच्या एका स्पेअरपार्टवाल्याला घरी फोन लावला. दुकान उघडून द्यायला तो तयार झाला. आमच्या गाडीतून कॅप्टन आणि मिस्त्री गेले. बोटीजवळ आम्ही दोघी.

साडेसहाच्या सुमाराला उजेड एकदम उतरला. एक एसटी घोंघावत वर गेली, ड्रायव्हरनं थांबून विचारलं, "काय मदत?" एक ट्रकवाला उगाच पाणी देऊन गेला. वर दाजीपूरला गवे आहेत, हे सकाळी बोर्डावर वाचताना फार रोमँटिक वाटलं होतं. आता खालच्या झाडीत काही मोडलं की आम्ही दोघी बोटीच्या एकाच बाजूला यायचो.

"एक सांगू?" मी म्हटलं.

"ग्रीसिंग झालंच नव्हतं ना?" ऑडिटर म्हणाली.

"तुला कसं कळलं?"

"अगं, व्हाउचर कुठंय? तू चहाचे वीस रुपयेसुद्धा शीटमध्ये टाकतेस. ग्रीसिंगचे पैसे टाकलेच नाहीस. मी शुक्रवारीच बघितलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

ती बराच वेळ गप्प बसली. "उगाच कशाला, म्हटलं. निघायची घाई होती." मग म्हणाली, "त्या गॅरेजवाल्याचं काय करणारेस?"

यावर काही उत्तर नव्हतं. किंवा एकच होतं. ते द्यायला कॅप्टन परत यायला हवा होता, आणि तो यायला पावणेआठ झाले. चार बेअरिंग, दोन सील, ग्रीसचा डबा, वडापाव. मी वडापाव हातात घ्यायच्या आधीच सांगून टाकलं. मिस्त्रींसमोरच. गॅरेजवाल्यानं काही केलेलं नाही, ट्रेलर त्याच्याकडे सोडलाच नव्हता, टिक मी टाकली.

कॅप्टन चिडेल असं वाटलं होतं. ओरडेल, निदान. तो माझ्याकडे बघत राहिला, मग त्या वळणाकडे बघितलं जिथं बाइक आमच्या बाजूला आली होती. फोन काढला, दुपारी लिहिलेलं डिलीट केलं आणि त्याचाच टॉर्च लावून माझ्या हातात दिला. "धर."

पुढचा तास मी टॉर्च धरला. दांड्याला चिकटलेला कोन निघता निघेना. मिस्त्री छन्नी लावून हातोडीचे छोटे छोटे ठोके देत राहिले, एकदा इकडून, एकदा तिकडून. जोरात एकही नाही. "जोर केलो तर दांडो जातलो." शेवटी तो सुटला. दांड्यावर ओरखडे होते, पॉलिश पेपरनं घासून ते गुळगुळीत केले. हब डिझेलनं धुतले. जुने कप ठोकून काढले आणि त्यातलाच जुना कप नव्या कपावर ठेवून नवा आत बसवला. ठोक्याचा आवाज भरीव झाला की बसला. तो फरक मलाही ऐकू आला.

मग मिस्त्रींनी टॉर्च माझ्याकडून काढून ऑडिटरला दिला आणि डबा माझ्यापुढे ठेवला. "तुमी भरा." डाव्या तळव्यावर लिंबाएवढं ग्रीस घ्यायचं. कोनाची रुंद बाजू तळव्याच्या कडेवर दाबायची, ओढायची, दाबायची, ओढायची. वरच्या बाजूनं रूळांच्या फटींतून ग्रीसचे शेवयांसारखे दोरे बाहेर येईपर्यंत. मग थोडं फिरवून पुढचे रूळ. एका कोनाला पाच-सात मिनिटं जातात. चार कोन. घाईत पहिला संपवला तर मिस्त्रींनी तो उलटा करून बघितला आणि परत दिला. "अर्धोच भरलो." मी परत भरला.

नट आवळण्यातही गंमत आहे. चाक फिरवत फिरवत घट्ट करायचा, म्हणजे रूळ जागेवर बसतात. मग थोडा सैल सोडायचा. फार आवळला तर तापतो, फार सोडला तर डुगडुगतो. मिस्त्रींनी चाकाला एक झटका दिला, ते आवाज न करता बराच वेळ फिरत राहिलं. नवी स्प्लिट पिन घालून टोकं वाकवली, टोपी बसवली. "वीस-पंचवीस किलोमीटरार थांबा, हबाक हात लावा. कोमट चलात. हात ठेवक जमना नाय तर थयच थांबा, माका फोन करा. आणि पुढच्या टायमाक होडी सोडूच्या आधी अर्धो तास सावलीत उभी करा."

पैसे देताना पुन्हा पंचाईत. रेंज नाही, त्यामुळे स्कॅन करायचा प्रश्न नव्हता. तिघांच्या पाकिटातली कॅश बोनेटवर मोजली. सामान आणि मजुरी मिळून शनिवारी रात्रीच्या तीन सुरमई थाळ्यांपेक्षा थोडं जास्त झालं. त्यांनी सांगितली तेवढीच मजुरी घेतली, वरचे परत केले. निघताना मात्र एका गोष्टीवर ते अडून बसले : रस्त्यावर टाकलेल्या सगळ्या फांद्या आणि चाकाखालचे दगड उचलून बाजूला टाकल्याशिवाय गाडी हलवू दिली नाही. काळोखात मी शेवटची फांदी शोधून येईपर्यंत स्कूटर चालू करून हेडलाइट माझ्या दिशेनं धरून थांबले होते.

जुना कोन त्यांनी मला दिला. माझ्या टेबलावर आहे, पेपरवेट म्हणून. एडिटरला फोटो पाठवला तर तिचा रिप्लाय आला, "हे काय आहे? बीचचे नाहीयेत का?"

परतीच्या प्रवासात पहिला हात दाजीपूरला लावला, दुसरा राधानगरीला. गाडी थांबली की मी उतरायचं, हे न बोलता ठरलं होतं. कोल्हापूरला साडेअकरा वाजले होते. टोलनाके, कराड, सातारा. कॅप्टन आणि ऑडिटर आलटून पालटून चालवत होते, माझ्याशी कामापुरतं बोलत होते. मी मागे जागी. रस्ता, इंजिन, वारा यांच्या आवाजातून 'घूं' वेगळं काढायचा प्रयत्न करत. नव्हतं.

सोमवारी पहाटे सव्वातीनला शिरवळच्या पुढे चहाला थांबलो. मी उतरून डाव्या हबवर तळवा ठेवला. कॅप्टन काच खाली करून, डोळे मिटूनच म्हणाला, "कसंय?"

"कोमट."

"दोन्ही?"

मी एकालाच हात लावला होता. मागून वळसा घालून उजव्या बाजूला गेले, खाली बसले आणि दुसऱ्याला लावला.